परसातली कार्यशाळा आणि न गळणाऱ्या छपराखालचा गंज

आमच्या घरामागे परसात आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब अशी एक पत्र्याची खोली आहे. घरातली माणसे तिला ‘अडगळ’ म्हणतात, मी ‘कार्यशाळा’ म्हणतो. २०१९ सालापर्यंत घरच्यांचेच म्हणणे खरे होते. हातोडी हवी असली तर आधी चार पोती हलवावी लागत.

त्या वर्षी सप्टेंबरात वडिलांचा जुना रंधा शोधायला मी आत गेलो. तो एका खोक्याच्या तळाशी सापडला. त्याचे पाते तांबड्या गंजाने भरले होते. शेजारीच माझा व्हर्निअर कॅलिपर होता. त्याची सरकपट्टी जागची हलेना. आणि छपरातून तर पावसाळाभर पाण्याचा एक थेंबही गळलेला नव्हता! पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या घरी ही अवस्था. मग पाणी आले कोठून?

ते आले हवेतून. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, पण पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा अदृश्य पापुद्रा धरतो. हाताच्या घामातले मीठ आणि धूळ त्याला मदत करतात. आमच्या कोकणात पावसाळ्यात ही मर्यादा रोजच ओलांडली जाते.

आर्द्रता किती हे तुम्हीही मोजू शकता. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा, आणि दोन्हींना पुठ्ठ्याने वारा घाला. माझ्या खोलीत कोरडा तापमापक २८ अंश सेल्सिअस दाखवी, ओला २६. कोष्टकात पाहिले तर आर्द्रता निघाली सुमारे ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू जवळजवळ २५ अंश असतो. म्हणजे २५ अंशांहून गार असलेल्या वस्तूवर तिच्यातले पाणी साचणारच. रात्री पत्रा गार होतो, खोली गार होते, हत्यारेही गार होतात. सकाळी दार उघडले की बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते आणि गार पाण्याच्या तांब्याला फुटावा तसा रंध्याच्या पात्याला घाम फुटतो. आपण दार उघडतो कशासाठी, तर खोली ‘कोरडी’ व्हावी म्हणून!

उपाय साधा आहे. हवेतली वाफ काढून टाकता आली नाही तरी हवा थोडी तापवता येते. तीच वाफ, पण तापमान वाढले की सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ती हवा ३४ अंशांवर नेली तर ८५ टक्क्यांचे जवळपास ६० टक्के होतात. मी दोन फूट उंच, दीड फूट रुंद आणि आठ इंच खोल असे लाकडी कपाट केले, वर-खाली भोके पाडली आणि तळाशी जाळीच्या आड जुन्या पद्धतीचा ‘झिरो’चा बल्ब लावला. नाव झिरो असले तरी तो सुमारे १५ वॅट खातो. कपाटातला तापमापक पुढे ३४ अंशांच्या आसपास राहू लागला. (ओल्या चिंधीचा तापमापक आत ठेवला नाही, कारण त्याने कपाटातच वाफ सोडली असती.) एलईडीचा झिरो बल्ब येथे निरुपयोगी, कारण तो पुरेसा तापत नाही. बल्बजवळ तेलाचे बोळे मात्र कधीही ठेवू नका.

पत्र्याखाली चार बोटे जागा सोडून बांबूच्या चटया ठोकल्या. आभाळ निरभ्र असले की पत्रा रात्री आपली उष्णता आकाशाकडे टाकतो आणि हवेपेक्षाही गार होतो. त्याला आतून सुटणारे थेंब आता खाली पडत नाहीत.

मग ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळे सामान अंगणात काढले आणि तीन ढीग केले: आठवड्याला लागणारे, वर्षातून एकदा लागणारे, आणि कधीच न लागणारे. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला! पहिल्या ढिगासाठी भिंतीवर प्लायवूडची फळी लावली आणि प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा तिच्यावर रंगवली. रिकामी आकृती दिसली की पक्कड अंगणात पावसात राहिली आहे हे तिन्हीसांजेलाच कळते. टांगण्यापूर्वी हत्यारावर तेलाचा बोळा फिरवायचा असा नियम केला. कानशीला मात्र तेल लावू नये, तिचे दात घसरतात. तिला खडू घासावा.

कामाचे टेबल खिडकीशी आणले. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी खुणेवर पडते. व्हाइसचा माथा कोपराच्या उंचीला ठेवला. त्यामुळे कानस चालवताना हात आडवा, सरळ रेषेत सरकतो.

दमट खोलीत वीज हा थट्टेचा विषय नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज वितळतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका प्रवाहही माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून विजेच्या कारागिराकडून अर्थिंग तपासून घेतले आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. हे काम तुम्ही स्वतः करू नका.

वडिलांचा रंधा रॉकेल आणि पॉलिशपेपरने घासून पुन्हा चालू झाला. व्हर्निअर कॅलिपर मात्र सुधारला नाही. त्याचे जबडे पूर्ण मिटत नाहीत. शून्यदोष धन ०.३ मिलिमीटर. तो मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आहे. शून्यदोष शिकवताना फार उपयोगी पडतो.