पृष्ठाची नक्षीदार किनार



मानपत्र, लग्नपत्रिका, स्मरणिकेचें मुखपृष्ठ, हीं कामें एके काळीं छापखान्यांतील जुळाऱ्यावाचून होत नसत. आज संगणकावर पृष्ठरचनेचा एखादा प्रोग्रॅम असला म्हणजे तीं घरच्या घरीं करतां येतात. आणि तीं करावयास बसलेल्या माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो बहुधा भोंवतालच्या नक्षीदार किनारीचा. नक्षी तयार मिळते, आणि बोटाच्या एका दाबासरशी ती पानावर येऊन बसते. तरीहि छापून आलेलें पान पाहिलें असतां कोठें तरी खटकतें. पानाफुलांची ओळ कोपऱ्यापाशीं मध्येंच तुटलेली असते, एका अंगास कोरा कागद अधिक दिसतो, किंवा ज्याचा सत्कार करावयाचा त्याचें नांवच त्या झाडोऱ्यांत हरवून जातें. असें कां होतें आणि तें कसें टाळावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

किनार पाहिजे कशाला, हें प्रथम पाहूं. आपल्याकडील कित्येक हस्तलिखित पोथ्यांत मजकुराच्या डाव्या-उजव्या अंगास तांबड्या शाईच्या उभ्या रेघा आढळतात. त्यांनीं शोभा येते हें खरें. परंतु मजकूर कोठें संपला आणि समास कोठें सुरू झाला हें सांगणें, हें त्यांचें मुख्य काम होय. युरोपांत १४७६ सालीं व्हेनिस येथें एर्हार्ट राटडोल्ट व त्याचे भागीदार यांनीं रेगिओमोंटानसचें पंचांग छापलें, तेव्हां त्याच्या नामपृष्ठाभोंवतीं लाकडी ठशांची नक्षी घातली. पुढें सोळाव्या शतकांत रोबेर ग्रांजों या फ्रेंच कारागिरानें वेलबुट्टीचे सुटे खिळे असे कोरले कीं ते उलटसुलट फिरवून शेजारीं शेजारीं बसविले म्हणजे अखंड नक्षी तयार व्हावी. या खिळ्यांचा एक गुण ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. धातूचा खिळा ताणतां येत नाहीं. अर्ध्या खिळ्याची जागा उरली तर जुळाऱ्याला समास कमीजास्त करून चौकटीचें मापच खिळ्यांच्या हिशेबांत बसवावें लागे. ही सक्ती होती खरी, पण पानाच्या दृष्टीनें ती हितकारक होती.

१९८५ सालीं आल्डस कंपनीचा पेजमेकर हा प्रोग्रॅम निघाला आणि पानाची जुळणी टेबलावरच्या संगणकावर होऊं लागली. व्हेनिसच्याच आल्डस मानुतिउस या जुन्या मुद्रकाचें नांव त्या कंपनीनें घेतलें होतें. परंतु मुद्रकाच्या खिळ्यांची सक्ती मात्र येथें उरली नाहीं. पेजमेकर आतां मागें पडला असून इनडिझाइन, किंवा विनामूल्य मिळणारा स्क्रायबस, असे प्रोग्रॅम लोक वापरतात. त्यांत नक्षीचें टोंक धरून ओढलें कीं ती हवी तेवढी लांबते. मोह येथेंच होतो. उभी ताणलेली किनार पाहा: गोल फूल अंडाकृति झालेलें असतें, कोपऱ्यांतील वळसा वांकडा झालेला असतो, आणि आडव्या रेघा उभ्या रेघांहून जाड दिसूं लागतात. म्हणून पहिला नियम हा, कीं संगणकावरहि हातांत धातूचे खिळे असल्याप्रमाणेंच वागावें.

एक उदाहरण घेऊं. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना ए-चार आकाराच्या कागदावर मानपत्र द्यावयाचें आहे. हा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असतो. आपल्या नक्षीचा कोपरा १२ मिलिमीटर लांबीरुंदीचा, व बाजूंस ओळीनें लावावयाचें फूल ६ मिलिमीटर लांबीचें आहे असें समजा. चारी बाजूंस १५ मिलिमीटर समास सोडला तर चौकट १८० रुंद व २६७ उंच होते. दोन कोपऱ्यांचे २४ मिलिमीटर वजा जातां आडव्या बाजूस १५६ उरतात, आणि तेथें बरोबर २६ फुलें बसतात. उभ्या बाजूस मात्र २४३ उरतात. त्यांत ४० फुलें बसून अर्ध्या फुलाची जागा शिल्लक राहते. अशा वेळीं फुलें ताणूं नयेत. चौकटच ३ मिलिमीटरांनीं कमी करावी आणि ते ३ मिलिमीटर तळच्या समासास द्यावे. वर १५ व खालीं १८ असे समास होतात, आणि पानहि अधिक चांगलें दिसतें. कारण अगदीं मधोमध ठेवलेली वस्तु डोळ्यांस किंचित् खालीं घसरल्यासारखी भासते. १८९१ सालीं केल्मस्कॉट मुद्रणालय काढून किनारींच्या कलेला नवें तेज आणणारा विल्यम मॉरिस यानेंहि असाच आग्रह धरला होता. पुस्तकांत शिवणीकडील समास सर्वांत लहान, वरचा त्याहून मोठा, बाहेरचा आणखी मोठा आणि तळचा सर्वांत मोठा असावा, असें त्याचें मत होतें.

आतां प्रत्यक्ष कृति. पानें अनेक असतील तर किनार मास्टर पृष्ठावर घालावी, म्हणजे ती प्रत्येक पानावर एकाच जागीं येते आणि मजकूर लिहितांना धक्का लागून सरकत नाहीं. फूल एकदांच ठेवावें, आणि स्क्रायबसमध्यें ‘मल्टिपल डुप्लिकेट’ किंवा इनडिझाइनमध्यें ‘स्टेप अँड रिपीट’ ही आज्ञा देऊन ६ मिलिमीटरांच्या अंतरानें त्याच्या २५ प्रती कराव्या. मूळचें धरून २६ होतात. कोपराहि एकच घेऊन ९० अंशांनीं फिरवीत चारी ठिकाणीं बसवावा. नक्षी शक्य तर व्हेक्टर, म्हणजे रेषांनीं बांधलेली, निवडावी. ती मोठी केली तरी तिच्या कडा फाटत नाहींत.

छापल्यावर कागद कापला जातो, हेंहि विसरूं नये. कापतांना एखादा मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. किनार कडेपासून अवघ्या ३ मिलिमीटरांवर असेल तर एका अंगास २ आणि दुसऱ्या अंगास ४ मिलिमीटर कागद उरतो. एक बाजू दुसरीच्या दुप्पट झाली, हें कोणाच्याहि नजरेस येतें. तीच किनार १५ मिलिमीटर आंत असेल तर १४ आणि १६ यांतील भेद कोणाला जाणवत नाहीं. रंग अगदीं कडेपर्यंतच न्यावयाचा असेल तर तो कापण्याच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून ठेवण्याची रीति आहे. तिला ब्लीड म्हणतात.

शेवटीं मजकुराविषयीं. किनार आणि मजकूर यांच्यामध्यें निदान किनारीच्या रुंदीएवढी मोकळी जागा असावी. अक्षरांना जागा पुरत नसेल तर किनार बारीक करावी, अक्षरें चेपूं नयेत. नांव पूर्ण काळ्या शाईंत असेल तर नक्षीस फिका रंग द्यावा. छापावयास देण्यापूर्वीं एक प्रत काढून ती हातभर दूर धरावी आणि पहिली नजर कोठें जाते तें पाहावें. ती शिक्षकांच्या नांवावर गेली तर मानपत्र साधलें. ती कोपऱ्यांतील फुलावर गेली तर मात्र वेळ असेपर्यंत फुलेंच कमी करावीं. कारण तो कागद त्यांच्या घरच्या भिंतीवर पुढें कित्येक वर्षें राहणार आहे, आणि तो वाचणारीं माणसें त्यांचें नांव शोधणार आहेत.