बोअरबंदी कुणी लादली? गावाच्या नियमांविषयीचे काही गैरसमज

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येतं : ‘तिथं पोपटराव पवारांनी नियम लादले म्हणून गाव सुधारलं. आमच्याकडं तसा खमका माणूस नाही.’ या वाक्यात हिवऱ्याच्या शेतकऱ्यांनी स्वतःहून जे सोडलं ते पुसलं जातं, आणि बोलणाऱ्याचं गाव मात्र कुणा खमक्याची वाट बघत राहतं.

पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यांचं नेतृत्व मोठंच आहे. पण कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून आलेली नाही. राळेगणसिद्धीच्या अनुभवावर सरकारनं आदर्श गाव योजना आखली, तिच्या या अटी होत्या. १९९४ मध्ये हिवरे बाजार त्या योजनेत आलं. अटी तर इतर गावांसाठीही त्याच होत्या. मग इथं त्या टिकल्या कशा?

चराईबंदीचंच बघा. डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, पण विळ्यानं गवत कापून डोक्यावरून घरी न्यायला मुभा. गोठ्यात चारा मिळू लागला, दूध वाढलं, आणि बंदी पाळणाऱ्याच्या पदरात रोज काहीतरी पडू लागलं. नुसतं ‘चारू नका’ म्हटलं असतं तर रात्री गुरं डोंगरावर गेलीच असती.

त्याहून अवघड होती ती शेतीसाठी बोअर न मारण्याची गोष्ट. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो तो मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. विहीर आटली की सगळ्यांना दिसते. खोल बोअर मात्र शेजाऱ्याच्या विहिरीखालचं पाणी ओढून घेतं आणि कुणाला कळतही नाही. म्हणून इथं बोअर फक्त पिण्यासाठी आणि शेतीला उघडी विहीर. त्याच्या जोडीला पाण्याचा ताळेबंद. पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद ठेवायची, आधी माणसं-जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्या पाण्यात किती एकरावर काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला की उन्हाळी पिकं घ्यायची नाहीत. ऊस आणि केळी नकोच. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथं उसाला नाही म्हणणं किती जड आहे हे नगरकरांना सांगायला नको. हा निर्णय हुकमानं झाला नाही. आकडे सगळ्यांसमोर होते, त्यामुळे वाद ‘तुझं-माझं’वर न जाता पाण्यावर झाला.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे : ‘ग्रामसभेनं ठरवलं म्हणजे कायदाच, मोडणाऱ्याला गाव काहीही शिक्षा करू शकतं.’ नाही. ठराव संविधानाच्या आणि कायद्याच्या चौकटीतच राहतो. राळेगणसिद्धीत सुरुवातीच्या काळात दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले. आजही काही जण ते कौतुकानं सांगतात. गावाच्या जलसंधारणाचं मोल मला पूर्ण मान्य आहे, तरी त्या फटक्यांना तेव्हाही कायद्याचा आधार नव्हता आणि आजही नाही. जातीच्या किंवा समाजाच्या नावानं कुणाला वाळीत टाकणं तर राज्यात २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दारूचं परवानाधारक दुकान बंद करायला कायदेशीर वाट आहे, ती ‘आडव्या बाटली’ची : महिलांचं मतदान घ्यायचं, त्यात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. तिथंही समजूत चुकते. मतदानाला आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

आणि तिसरा गैरसमज : ‘कायदा झाला की काम झालं.’ नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर आठवा. सार्वजनिक हिंदू मंदिरांत प्रवेशाचा हक्क देणारा राज्याचा कायदा १९५६ चा. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव तरीही चालूच होता. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला हा कायदा पाळून घ्या असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी तिथं गेलेल्या महिलांना अडवण्यात आलं. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा खुला केला. साठ वर्षं कायदा होता, तो लागू करणारं कुणी नव्हतं.

बोअरचंही तेच. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. त्यात शेतीसाठी ६० मीटरहून खोल, म्हणजे साधारण दोनशे फुटांपलीकडे जायला मनाई आहे. जिल्ह्यात कुठल्याही पारावर विचारा, पाचशे-सातशे फुटांचे आकडे सहज ऐकू येतील. हिवऱ्यात मात्र गावाचा ठराव या कायद्याच्या आधीपासून पाळला जातो आहे. आपल्या गावात तसं करायचं असेल तर सुरुवात बंदीच्या ठरावानं नको. एक पर्जन्यमापक, काही ठरावीक विहिरींच्या पातळीची वही, आणि दिवाळीआधीच्या ग्रामसभेत ती वही मोठ्यानं वाचणं, एवढं आधी करावं. ठराव त्यानंतर मांडावा.