विंचवाचे आठ पाय, आठ कान

पायताण झाडल्याशिवाय पाय घालायचा नाही, ही शिस्त आपल्यापैकी बहुतेकांना घरातूनच मिळालेली असते. भीती विंचवाची. पण हा विंचू मिट्ट काळोखात भक्ष्य नेमकं गाठतो कसा? डोळे आहेत, पण नजर अधू. कान तर नाहीतच.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात फिलिप ब्राउनेल या शास्त्रज्ञाने याचा छडा लावला. तिथला विंचू रात्री बिळाबाहेर येतो आणि नुसता स्तब्ध बसतो. वाळूखाली एखादं झुरळ हललं की गर्रकन वळतो, धावतो, आणि दिसतही नसलेलं ते झुरळ उकरून काढतो! वाळूत मध्ये एक बारीक फट पाडली, की मात्र फटीपलीकडच्या हालचालीचा त्याला पत्ताच लागत नाही. म्हणजे निरोप हवेतून नव्हे, वाळूतून येतो.

ब्राउनेल यांचा निबंध 1977 साली प्रसिद्ध झाला. कोरडी भुसभुशीत वाळू कंपनं गिळून टाकत असेल, असंच आपल्याला वाटेल. पण तिच्या पृष्ठभागावरून लाट जाते, सेकंदाला साधारण 50 मीटर वेगाने. खडकात हाच वेग किलोमीटरमध्ये मोजतात. वाळूचा हा संथपणाच विंचवाच्या पथ्यावर पडतो. त्याचे आठ पाय सुमारे 5 सेंटिमीटरच्या वर्तुळात टेकलेले असतात. लाट एका टोकाच्या पायापासून दुसऱ्या टोकाच्या पायापर्यंत पोचायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. पावलाजवळच्या सांध्यापाशी कवचात सूक्ष्म चिरा असतात, त्या ही लाट टिपतात.

मग त्यांनी विंचवाला दोन पट्ट्यांवर उभं केलं, निम्मे पाय इकडे, निम्मे तिकडे. एक पट्टी किंचित आधी हलवली की विंचू त्याच बाजूला वळे. सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका फरकही त्याला पुरला! गंमत म्हणजे, हे गणित करायला मोठा मेंदू लागतोच असं नाही. 2000 साली मांडलेल्या एका प्रारूपानुसार, ज्या पायाला लाट आधी लागते त्याची चेतापेशी समोरच्या तीन पायांच्या पेशींना गप्प बसवते. वर्गात पहिलं उत्तर देणारा बाकीच्यांना बोलू देत नाही, तसंच.

विंचवाचा भाऊबंद कोळी हेच काम जाळ्याच्या धाग्यांवर करतो. तिथे लबाडीलाही वाव आहे. पोर्शिया नावाचा कोळी दुसऱ्याच्या जाळ्याच्या कडेला बसून अडकलेल्या किड्यासारखे धागे छेडतो. घरमालक जेवायला म्हणून धावत येतो, आणि स्वतःच जेवण होतो.