सेव्हन-झिप

सेव्हन-झिप (७-झिप) ही संगणकावरील फाइलींचा आकार कमी करून त्या एका गठ्ठ्यात बांधणारी, तसेच असे गठ्ठे पुन्हा उलगडणारी विनामूल्य आज्ञावली आहे. रशियन प्रोग्रामर इगोर पाव्हलॉव्ह यांनी ती तयार केली असून तिची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. ती मुख्यत्वे विंडोज या कार्यप्रणालीसाठी आहे. लिनक्ससाठीची अधिकृत आवृत्ती २०२१ पासून उपलब्ध आहे.

परवाना
आज्ञावलीचा बहुतांश भाग जीएनयू एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली येतो. घरी, शाळेत वा व्यवसायात ती वापरण्यासाठी शुल्क किंवा नोंदणी लागत नाही. रार फाइली उलगडणाऱ्या भागावर मात्र एक निर्बंध आहे: त्या भागाच्या आधारे रार फाइली बनवणारी आज्ञावली तयार करता येत नाही. त्यामुळे सेव्हन-झिपद्वारे रार फाइली उघडता येतात, बनवता येत नाहीत.

कार्यपद्धती
सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार ‘सेव्हन-झेड’ या नावाने ओळखला जातो व त्यात प्रामुख्याने एलझेडएमए ही पद्धत वापरली जाते. फाइलीत एखादा मजकूर पुन्हा आला, की तो नव्याने न लिहिता आधी कोठे व किती लांबीचा आला होता एवढीच नोंद ठेवली जाते. उलगडताना मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. मजकुराच्या फाइली यामुळे बऱ्याच लहान होतात. जेपीईजी छायाचित्रे, एमपी३ गाणी व चित्रफिती मुळातच आटवलेल्या असल्याने त्यांच्या आकारात फारसा फरक पडत नाही.

स्थापना
विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘सिस्टम’ विभागात संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे कळते. त्यानुसार योग्य फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी लागते. स्थापनेच्या खिडकीत फोल्डरचे नाव दाखवले जाते. ते मान्य करून ‘इन्स्टॉल’ हे बटण दाबल्यावर काही क्षणांत काम पूर्ण होते. या फाइलीवर प्रकाशकाची डिजिटल स्वाक्षरी नसल्याने विंडोज ‘अज्ञात प्रकाशक’ अशी सूचना देते. म्हणूनच फाइल कोठून घेतली याला विशेष महत्त्व आहे. मिळत्याजुळत्या नावांच्या संकेतस्थळांवरून ती घेणे धोक्याचे ठरते.

स्थापनेनंतर फाइलीवर माउसचे उजवे बटण दाबले असता सेव्हन-झिपचे पर्याय दिसतात. विंडोज ११ मध्ये त्यासाठी ‘शो मोअर ऑप्शन्स’ निवडावे लागू शकते. कोणत्या प्रकारच्या फाइली सेव्हन-झिपने उघडाव्यात, हे ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ येथे ठरवता येते. तेथेच भाषाही बदलता येते. उपलब्ध भाषांत मराठीचा समावेश आहे.

काढून टाकणे
सेटिंग्जमधील ‘ॲप्स’च्या यादीतून किंवा कंट्रोल पॅनलमधून सेव्हन-झिप काढून टाकता येते. उजव्या बटणाच्या यादीशी जोडलेला तिचा एक भाग विंडोजच्या फाइल एक्सप्लोररकडून वापरात असल्यास तो लगेच पुसला जात नाही. संगणक पुन्हा सुरू केल्यावर उरलेले फोल्डर हटवता येते.

आज्ञावली काढल्याने वापरकर्त्याने बांधलेले गठ्ठे नष्ट होत नाहीत. मात्र ते उघडण्यासाठी दुसरे साधन लागते. झिप फाइली विंडोज स्वतः उघडते. सेव्हन-झेड फाइली उघडण्याची सोय विंडोज ११ मध्ये २०२३ पासून आली. विंडोज १० मध्ये ती नाही. त्यामुळे महत्त्वाचे गठ्ठे, विशेषतः पासवर्डने बंद केलेले, आधीच उलगडून ठेवणे हिताचे असते.

सुरक्षितता
सेव्हन-झेड फाइलींना एईएस-२५६ पद्धतीने कुलूपबंद करता येते. आतील फाइलींची नावे लपवण्याचाही पर्याय आहे. पासवर्ड विसरल्यास तो बदलून घेण्याची कोणतीही सोय नाही.

सेव्हन-झिप आपोआप अद्ययावत होत नाही. २४.०९ पूर्वीच्या आवृत्त्यांत, इंटरनेटवरून आलेल्या गठ्ठ्यावरील विंडोजची धोकासूचक खूण उलगडलेल्या फाइलींपर्यंत न पोहोचण्याचा दोष आढळला होता. तो २४.०९ मध्ये दूर करण्यात आला. जुनी आवृत्ती न काढता तिच्यावरच नवी स्थापित करता येते.