टेबलाची बनात आणि मिस्त्रीचा हात

व्यापारात एक गोष्ट वारंवार दिसते. माल घेताना आम्ही दहा दुकाने फिरतो, भाव करतो, नमुना उजेडात धरून पाहतो. पण तो माल ज्याच्या हाती सोपवायचा त्या कारागिराची चौकशी मात्र शेवटी आणि घाईघाईत करतो. शिंप्याच्या बाबतीत हे एक वेळ चालते, कारण बिघडलाच तर एक सदरा बिघडतो. पूल टेबलाच्या बाबतीत चालत नाही. तिथे कापड फाडल्यावर परत जोडता येत नाही आणि लाकूड कापल्यावर परत वाढत नाही.

हा विषय या पानावर घेण्याचे कारण असे की, लहान शहरांतही आता तरुण मुले पूल-स्नूकरची पार्लरे काढू लागली आहेत. हा खेळ आपल्याकडे नवा नाही. स्नूकरचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असे मानतात, आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. नवा आहे तो धंदा. यात टेबल तासाच्या हिशेबाने जाते. बॉल एका बाजूला आपोआप वळू लागला की गिऱ्हाईक तक्रार करत नाही, दुसऱ्या पार्लरात जाते.

कापडाची ओळख

आम्ही कापडवाले असल्याने आधी बनातीचे सांगतो. स्नूकरच्या बनातीला लव असते. ती एकाच दिशेने बसलेली असते, म्हणून ब्रश आणि इस्त्री त्याच दिशेने फिरवावी लागते. पूलसाठी चांगली बनात असते ती वर्स्टेड, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीच्या पिळदार सुताची, बिनलवेची. तिच्यात थोडे नायलॉन घालतात. तिच्यावर बॉल वेगाने आणि सरळ धावतो. इंग्लंडची स्ट्रॅचन आणि बेल्जियमची सिमोनिस ही या मालातली जुनी नावे. सिमोनिसचा इतिहास १६८० सालापर्यंत मागे जातो. उलट, बाजारात नुसते हिरवे जाड फेल्ट बनात म्हणून खपवले जाते. ते बोटांनी चोळून पाहावे. गोळे सुटू लागले तर ते टेबलासाठी नाही.

लोकर हवेतील दमट ओढून घेते, हे आपल्याला गोदामातून ठाऊक आहेच. म्हणून पावसाळ्यात टेबल जड चालते. कापड ताणायच्या दिवशी खोली कोरडी हवी, नाहीतर आज घट्ट वाटलेली बनात हवा बदलताच ढिली पडते.

तीन मिलिमीटरचा प्रश्न

नुसती बनात बदलणे एक काम आणि टेबलात फेरफार करणे दुसरे. बरेच जण जुने आठ फुटी मिनी स्नूकर टेबल स्वस्तात घेतात आणि त्याचे पूल टेबल करू पाहतात. इथे खरा हुन्नर लागतो. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७.१५ मिलिमीटरचा. पूलच्या नियमाप्रमाणे कुशनची धार बॉलच्या उंचीच्या सुमारे ६३.५ टक्क्यांवर हवी, म्हणजे ३६ मिलिमीटरच्या थोडे वर. त्याच हिशेबाने लहान बॉलसाठी धार ३३ मिलिमीटरच्या आसपास येते. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा. पण धार खाली राहिली तर जोरात मारलेला बॉल उसळतो, आणि वर गेली तर बॉल दाबला जाऊन मरतो. शिवाय स्नूकरच्या पॉकेटाची तोंडे गोलाकार, पूलची कोनदार. कोपऱ्याच्या पॉकेटाचे तोंड साडेचार इंच किंवा किंचित जास्त लागते. तेव्हा कुशनची लाकडे, रबर आणि पॉकेटे, सगळ्यालाच हात लावावा लागतो.

आमच्या भाच्याने भिवंडीत असेच एक टेबल घेतले. दोन मिस्त्री बोलावले. पहिल्याने वरून टेप लावला, रंग कोणता हवा ते विचारले आणि एका दिवसात काम करून देतो म्हणाला. मजुरीही कमी सांगितली. दुसऱ्याने आधी विचारले, ‘बॉल कोणता खेळवणार?’ मग तो टेबलाखाली शिरला, बोल्ट पाहिले, दगडाचे सांधे बोटांनी चाचपले, कुशनचे रबर दाबून पाहिले आणि म्हणाला की रबर मेले आहे, नव्या बनातीने ते जिवंत होणार नाही. त्याने तीन दिवस मागितले आणि मजुरी दुपटीहून जास्त. भाचा पहिल्याकडे झुकला होता. कर्ज काढलेले, उद्घाटनाची तारीख ठरलेली. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, पहिल्याने याआधी बसवलेले एखादे टेबल पाहून ये. तो पाहून आला. पॉकेटांच्या तोंडाशी सुरकुत्या होत्या आणि दगडाच्या सांध्यावर बॉल उडी घेत होता. काम दुसऱ्याला दिले, तारीख पुढे ढकलली.

मिस्त्री कसा पारखावा

चांगला मिस्त्री पाटी लावून बसत नाही. त्याचा पत्ता जिमखान्यातल्या आणि क्लबातल्या मार्करकडे मिळतो. मार्कर रोज टेबल घासतो, त्यामुळे कोणाचे काम टिकते हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. मिस्त्री सापडला की त्याने सहा महिन्यांपूर्वी बसवलेले टेबल पाहावे. कालचे काम सगळ्यांचेच छान दिसते.

मग चार गोष्टी विचाराव्यात. पाणसळ दगडावर लावणार की कापडावर? दगडावरच हवी, तीही जुने कापड आणि गंज धरलेल्या पिना काढल्यावर. दगडाच्या तुकड्यांचे सांधे कशाने भरणार? मेण किंवा तसेच योग्य भरण त्याच्या पेटीत हवे. कुशनची आणि मैदानाची बनात एकाच थानातून कापणार का? वेगवेगळ्या थानांचा वेग सारखा निघत नाही. आणि कुशनच्या खाचेत बसणारी लाकडी पट्टी नव्या कापडाच्या जाडीप्रमाणे बदलणार का? जाड कापड काढून पातळ घातले तर जुनी पट्टी सैल बसते. या प्रश्नांवर जो चिडेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

व्यवहारात मजुरी आणि माल वेगळा लिहून घ्यावा. कापड आपण आणावे, मापे मात्र मिस्त्रीकडून घ्यावीत. फेरफाराची मापे कागदावर हवीत: कुशनची उंची, पॉकेटांची तोंडे, बॉलचा आकार. तीन-चार आठवड्यांनी येऊन पाणसळ पुन्हा तपासण्याचे पैसे आधीच ठरवावेत. तीनशे किलोच्या पुढचे हे धूड नव्या फरशीवर थोडे तरी बसतेच.

शेवटी एक सूचना. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काम केलेल्या पोरांना ताण, जाडी आणि किनार यांची नजर आधीच असते. माग बंद पडतात तेव्हा हीच पोरे रिकामी बसतात. त्यांनी एखाद्या जाणत्या टेबल मिस्त्रीच्या हाताखाली वर्षभर शागिर्दी केली तर त्यांना काम कमी पडणार नाही, कारण टेबले वाढत आहेत आणि ती बसवणारे हात थोडे आहेत. भाच्याच्या टेबलावर काम करणाऱ्या मिस्त्रीने आम्हाला विचारले होते, ‘एखादा होतकरू मुलगा असेल तर पाठवा.’ त्याच्या पेटीत दोन पाणसळी होत्या, हाताखाली मात्र कोणी नव्हते.