ख्रिस्ती उपासनेतील गायन आणि ‘देशी’ चालीचा प्रश्न : चंद्रपूर–गडचिरोलीच्या संदर्भात

मराठी ख्रिस्ती काव्याचा विचार बहुधा छापील संहितेच्या आधारे केला जातो. वस्तुतः या काव्याचा मोठा भाग मंडळीने एकत्र गाण्यासाठी रचलेला आहे. त्यामुळे शब्दांइतकीच चाल, आणि चालीइतकाच गाण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न, त्याच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होण्यापूर्वी हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा, जिल्हा होता. येथे झाडीबोली, गोंडी, माडिया व सिरोंचाकडे तेलुगू अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा प्रदेशात उपासनेचे गाणे ‘देशी’ करावयाचे, तर ते कोणासाठी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

गाण्याचा अधिकार

निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांतील संगीताचा भेद केवळ सुरावटीचा नाही. लॅटिन परंपरेच्या कॅथलिक मिस्सेत दीर्घकाळ गायन हे मुख्यतः धर्मगुरू व गायकवृंद यांचे काम होते आणि भाषा लॅटिन होती. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मंडळीच्या तोंडी तिच्याच भाषेतील गीत दिले. कॅल्विनच्या अनुयायांनी मंडळीला गाऊ दिले, पण बायबलमधील स्तोत्रांचीच पद्यरूपे, आणि तीही वाद्यांवाचून. अँग्लिकन उपासनेत गद्य स्तोत्रे ठराविक सुरावटीवर म्हणण्याची रीत रूढ झाली. मेथडिस्टांनी वैयक्तिक धर्मानुभवाच्या गीताला उपासनेत मानाचे स्थान दिले. पूर्व सिरियाक परंपरेत मात्र उपासनेचा फार मोठा भाग गेयच असतो व तो धर्मगुरू, सेवक आणि मंडळी यांच्यात वाटलेला असतो. कोणी गावे व कोणते शब्द गावेत, या दोन प्रश्नांची ही निरनिराळी उत्तरे होत.

चांद्यात आलेले प्रवाह

यांपैकी अनेक प्रवाह या प्रदेशात येऊन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यास स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे, म्हणजे अँग्लिकन परंपरेचे, मिशन सुरू झाले. तेथे दीर्घकाळ काम केलेले अलेक्झांडर वुड १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकनांसह अनेक प्रॉटेस्टंट पंथ एका संघटनेत आले. वेगवेगळ्या रीतींनी गाणाऱ्या मंडळ्यांना त्यामुळे एका उपासनेत बसण्याचा प्रसंग आला.

दुसरा प्रवाह केरळातून आला. १९६२ साली चांदा हे सीरो-मलबार चर्चचे केरळाबाहेरील पहिले मिशनक्षेत्र ठरले व ते कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. १९७७ साली तेथे धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पीठ बल्लारपूर येथे आहे. योगायोग असा, की ज्या १९६२ साली हे मिशन सुरू झाले, त्याच वर्षी केरळातील सीरो-मलबार उपासना सिरियाकमधून मल्याळमकडे वळली. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि लोकभाषा व मिशनप्रदेशांतील स्थानिक संगीतपरंपरा यांना मान्यता दिली.

वृत्त आणि चाल

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी प्रारंभी इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ चालींवर बसविली. येथे एक तांत्रिक अडचण उभी राहते. इंग्रजी गीताची लय शब्दातील आघातावर उभी असते. मराठीत शब्दाघात अर्थभेदक नाही. पद्याची लय अक्षरसंख्येवर किंवा मात्रांवर चालते. परिणामी परक्या चालीचा ठोका कित्येकदा विभक्तिप्रत्ययावर पडतो आणि अर्थवाही धातू निसटता उच्चारला जातो. शब्द मराठी, पण बोलणे मराठी नव्हे, अशी अवस्था होते.

हा प्रश्न फार पूर्वी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीचा स्वीकार करून सोडविला होता. १६१६ साली मुद्रित झालेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. प्रॉटेस्टंट परंपरेत हे कार्य नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी पूर्णत्वास नेले. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम केलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग व पदे यांच्याद्वारे मराठी मंडळीच्या गायनाचे स्वरूपच पालटले. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण गाताना लवचीक राहतात. अक्षर लांबविण्याची मुभा असल्याने शब्दाचा स्वाभाविक उच्चार दुखावत नाही. शिवाय एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी टाळांच्या साथीने ध्रुपद धरावे, ही भजनाची रीत निरक्षरालाही गायनात सामील करून घेते. इंग्रजी पद्धतीच्या गीताला पुस्तक लागते, भजनाला स्मरण पुरते. ल्यूथरला अभिप्रेत असलेले मंडळीचे गायन येथे वारकरी वाटेने साध्य झाले.

‘देशी’ कोणासाठी?

तथापि टिळकांचे यश पश्चिम महाराष्ट्राच्या भूमीवर मोजले गेले आहे. एटापल्ली वा भामरागडच्या माडिया माणसाच्या दृष्टीने अभंगही बाहेरूनच आलेला आहे. मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे. त्याचे स्वतःचे सामूहिक गाणे म्हणजे ‘रेला’. एका गटाने ओळ म्हणावी, दुसऱ्याने ती उचलावी आणि सर्वांनी पावलांचा मेळ साधावा, असे त्याचे स्वरूप असते. आळीपाळीने गाण्याचे हे तत्त्व सिरियाक उपासनेतही दोन गायकगटांच्या रूपाने आढळते. दुरून आलेली प्राचीन परंपरा आणि जंगलातील गाणे यांच्यात रचनेचे असे साम्य असावे, ही लक्षणीय गोष्ट आहे.

परंतु साम्य म्हणजे सुलभता नव्हे. रेला नृत्यापासून अलग करता येत नाही आणि त्यातील ओळी गाता गाता सुचतात. उपासनेची संहिता मात्र निश्चित असते. चाल उचलली, तरी तिच्यामागचे जग उचलता येत नाही. या संदर्भात स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण बोलके आहे. १८४५ पासून नागपुरात काम करणारे हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी ज्या परंपरेतून आले, तिच्या उपासनेत त्या काळी वाद्याविना स्तोत्रे गाण्याचीच रीत होती. त्यांनीच परधान गायकाकडून लिंगोचे गोंडी गीत टिपून घेतले. १८६३ साली त्यांचे निधन झाल्यावर रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रकाशित केले. गोंडी गीत अशा रीतीने मिशनऱ्याच्या वहीत पोहोचले, पण ते मानववंशशास्त्राची सामग्री म्हणून. उपासनेचे द्वार त्याच्यासाठी उघडले नाही.

समारोप

टिळकांचा खरा धडा अभंग हे वृत्त नसून त्यांची कार्यपद्धती हा आहे. त्यांनी अभंगाची केवळ चाल घेतली नाही. तुकारामांचे ऋण मान्य करून त्या परंपरेतील आर्तता व देवाला माऊली म्हणण्याची जवळीकही घेतली. ते त्यांना शक्य झाले, कारण ती परंपरा त्यांच्या घरचीच होती. वनप्रदेशातील उपासनागीताचा प्रश्नही भाषांतरकाराने वा संगीतकाराने बाहेरून सुटण्यासारखा नाही. गोंडी–माडिया बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळीतूनच तिचा कवी उभा राहावा लागेल, आणि रेल्यातील काय ठेवावे व काय सोडावे, हा निर्णयही त्याचाच असावा लागेल. तोवर मराठी भजनाला येथे ‘देशी’ म्हणताना ते विशेषण सापेक्ष आहे, एवढे भान अभ्यासकाने राखणे अगत्याचे आहे.