कागद आणि आपण (११) : अर्ज मुलाचा, नोंद आईवडिलांची

पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, दमणमध्ये किंवा दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आजही जन्मानं पोर्तुगीज मानतो. त्या माणसानं तसा दावा कधी केला नसेल, त्याला पोर्तुगीज भाषेचा एक शब्द येत नसेल, तरीही. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे आई किंवा वडील यांपैकी एक जण पोर्तुगीज असेल, तर परदेशात जन्मलेलं अपत्यही पोर्तुगीज होऊ शकतं. त्यासाठी त्यानं तशी इच्छा जाहीर करावी लागते किंवा आपला जन्म तिथल्या नागरी नोंदवहीत नोंदवावा लागतो. गोव्यातल्या कितीतरी घरांतले अर्ज या दोन तरतुदींवर उभे आहेत. जुन्या नोंदीचा उतारा कसा मिळवायचा ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज अर्जाकडे वळू.

तुमचा अर्ज हा रांगेतला पहिला कागद नव्हे. आधी वडिलांचा (किंवा आईचा) जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यावा लागतो. मग आईवडिलांचं लग्न. त्यानंतर तुम्ही. तुमच्या अर्जाच्या नमुन्याचा क्रमांक '१ सी' आहे. त्यात पोर्तुगीज पालकाच्या लिस्बनमधल्या जन्मनोंदीचा तपशील द्यायचा असतो, आणि तो हाती नसेल तर बाकीचा अर्ज कितीही नीट भरला तरी अडतो. म्हणून म्हणते, अर्ज मुलाचा असला तरी तपासणी होते ती आईवडिलांच्या कागदांची.

ही तपासणी बहुतेक वेळा नावावर अडखळते. जुन्या वहीत नावं पोर्तुगीज वळणानं लिहिलेली असतात. 'श' साठी एक्स, 'क' साठी सी किंवा क्यू. शेणवींचे 'सिनाय' झालेले, कामतांचे 'कामोतीं', प्रभूंचे 'पोरोबो', भटांचे 'बोतो'. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर मुलं इंग्रजी आणि मराठी शाळांत गेली आणि तीच घराणी पुन्हा शेणॉय, कामत, प्रभू, भट अशी लिहिली जाऊ लागली. घरात कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. पण लिस्बनमधल्या अधिकाऱ्यापुढे एकाच माणसाचे दोन कागद येतात आणि त्यांवर दोन माणसं दिसतात.

आईकडून अर्ज करणाऱ्या हिंदू घरांत हा गुंता आणखी वाढतो. लग्नात आडनावाबरोबर नावही बदलण्याची आपली रीत. जन्माच्या वहीत शांता, मुलाच्या दाखल्यावर सुमती. इथे जोडणारा दुवा म्हणजे लग्नाची नागरी नोंद. गोव्यात लग्न कायदेशीर ठरायला निबंधकाकडची नोंद लागते, नुसते धार्मिक विधी पुरत नाहीत, आणि त्या नोंदीत माहेरचं नाव असतं. ही नोंद ज्यांनी केली आणि जपली, त्यांच्या मुलांचं काम पुष्कळ सोपं होतं.

नावात तफावत असली तर काय करावं? जन्माच्या मूळ नोंदीला हात लावायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. ती नोंद हाच तुमच्या हक्काचा पाया आहे. आधी नंतरचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत आणि खरोखर चूक असेल तिथेच सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातून किंवा न्यायालयातून रीतसर दुरुस्ती मागावी. 'नाव बसवून देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. बनावट दाखले करून भलत्याच माणसाला कुणाचा तरी बाप ठरवल्याचे गुन्हे दाखल झालेले आहेत, आणि त्यांची झळ खऱ्या अर्जदारांना वाढीव चौकशीच्या रूपानं सोसावी लागते.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना सोयीची म्हणून सांगितलेली तारीख पुढे पासपोर्टवर चढते. वहीतली तारीख अक्षरी लिहिलेली असते, ती प्रमाण धरावी. जन्मस्थळ लिहिताना जुना तालुका ओळखता आला पाहिजे. 'इल्यश' म्हणजे तिसवाडी, 'नोव्हा गोवा' म्हणजे पणजी. तुमचा स्वतःचा जन्म फार उशिरा, तुम्ही सज्ञान झाल्यावर नोंदवलेला असेल तर आधीच सावध व्हा. पालकाशी असलेलं नातं अपत्य अल्पवयीन असतानाच कायद्यानं प्रस्थापित झालेलं असावं, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. शाळेचे जुने दाखले अशा वेळी हाताशी असलेले बरे.

अर्ज भरताना सुटी, ठळक अक्षरं काढावीत, खाडाखोड करू नये, आणि पोर्तुगीजमध्ये नसलेल्या कागदांचा प्रमाणित अनुवाद जोडावा. या भागात अवघड काही नाही.

अवघड आहे तो भारतीय कायदा, आणि त्याबद्दल एजंट सहसा बोलत नाहीत. मार्च १९६२ मध्ये केंद्र सरकारनं गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. स्वतः, आईवडिलांपैकी कुणी किंवा आजीआजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेले असेल, तर ती व्यक्ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक ठरली. आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल तर महिनाभरात लेखी कळवायचं होतं. म्हणजे ज्या वडिलांना लिस्बन पोर्तुगीज म्हणतं, ते दिल्लीच्या लेखी त्या दिवसापासून भारतीय आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेनं परकीय नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मग भारतीय पासपोर्टही ठेवता येत नाही आणि मतदार ओळखपत्रही नाही.

पासपोर्ट काढला नाही, फक्त लिस्बनला जन्म नोंदवला, तर काय? या प्रश्नावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झाले आहेत आणि ते निवडून आलेल्या प्रतिनिधींपर्यंत पोहोचले आहेत. तुम्ही सरकारी नोकरीत असाल किंवा पंचायतीची निवडणूक लढवायची इच्छा असेल, तर अर्जाला हात लावण्यापूर्वी नागरिकत्व कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. परकीय नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डामुळे येणंजाणं, राहणं, घर घेणं जमतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलार्जित कुळागर वारशानं मिळेल, शेजारचा तुकडा विकत घेऊन ते वाढवता येणार नाही. ब्रिटनमधल्या स्विंडनच्या गोदामात नोकरी धरण्यासाठी ज्यांनी हा मार्ग घेतला, त्यांच्यासाठी २०२० अखेर ब्रिटनची वाट बंद झाली. युरोपीय संघातले बाकीचे देश मात्र खुले आहेत. यातलं काय सोडायचं आणि काय धरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण माहीत करून घेऊन ठरवावं.

सर्वांत शेवटी सही. ती घरी करून ठेवू नका. सही तुमचीच आहे हे अधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हावं लागतं, त्यामुळे ती जागा कोरी ठेवून, मूळ ओळखपत्र घेऊन जा. पुढच्या आठवड्यात ओसीआयचा अर्ज आणि त्याआधी लागणारा भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला.